प्रज्ञाचक्षु हेलन केलर

आपल्या शास्त्रकारांनी देहाला नऊ द्वारांचे नगर म्हटले आहे. या नऊ द्वारांपैकी दोन नेत्र आणि दोन कर्ण या चार द्वारांनीच बाह्य जगाचा बहुतेक व्यवहार आत येत असतो. सूर्याचा प्रकाश, माणसांचे चेहरे, आईची हाक, ग्रंथांतील अक्षरे, देवळातील घंटानाद हे सर्व याच वाटांनी येते. ही चारही द्वारे एकाएकी, आणि तीही मुलाला नीट बोलता येऊ लागण्यापूर्वी, कायमची बंद झाली तर आत राहणाऱ्या जीवाला जगाचे ज्ञान होईल काय? झालेच तर ते कोणत्या मार्गाने होईल, आणि त्याला खरे ज्ञान म्हणता येईल काय? न्यायशास्त्राच्या पाठशाळेत गुरुशिष्यांनी केवळ कल्पनेने चर्चावा असा हा प्रश्न आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एका मुलीच्या रूपाने तो प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तिच्या ८७ वर्षांच्या आयुष्याने त्याचे उत्तर दिले. त्या मुलीचे नाव हेलन केलर.

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा राज्यातील टस्कंबिया या लहानशा गावी २७ जून १८८० रोजी हेलनचा जन्म झाला. तिचे वडील आर्थर केलर हे पूर्वी सैन्यात कॅप्टन होते व पुढे एका वृत्तपत्राचे संपादक झाले. आईचे नाव केट. मूल सुदृढ आणि चलाख होते. वर्षाच्या आतबाहेर ते काही शब्द बोलू लागले होते, आणि पाण्याला उद्देशून एक बोबडा शब्द ते वारंवार उच्चारीत असे. फेब्रुवारी १८८२ मध्ये, एकोणीस महिन्यांची असताना, तिला तीव्र ज्वर आला. वैद्यांनी आशा सोडली होती. एके दिवशी तो ज्वर आला तसाच अकस्मात उतरला आणि घरात आनंदीआनंद झाला. परंतु तो आनंद टिकला नाही. मुलीला दिसत नाही व ऐकूही येत नाही, हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले. ऐकू येईनासे झाल्यामुळे तिचे बोलणेही लोपले. पाण्याचा तो एक बोबडा शब्द मात्र काही काळ तिच्या ओठांवर राहिला होता.

पुढील पाच वर्षे त्या बालिकेने अंधार आणि निःशब्दता यांत काढली. तिची बुद्धी नष्ट झाली नव्हती. आपल्या गरजा सांगण्यासाठी तिने स्वतःच खुणा शोधून काढल्या. मान हलविणे म्हणजे नकार, ओढणे म्हणजे ये, ढकलणे म्हणजे जा. पाव हवा असल्यास ती तो कापून लोणी लावण्याचा अभिनय करी. अशा सुमारे साठ खुणा तिने बसविल्या होत्या. परंतु भोवतालची माणसे खुणा न करता ओठ हलवून काही तरी करतात, हे तिला त्यांच्या ओठांना हात लावल्यावर कळले. तिनेही ओठ हलवून पाहिले, पण काहीच घडेना. तेव्हा ती संतापाने लाथा झाडी, आक्रंदन करी व थकून पडे. एकदा तिने धाकट्या बहिणीचा पाळणाच उलटा केला. आईने वेळीच झेलले म्हणून तान्हे मूल वाचले. ही मुलगी कधी शिकू शकेल की नाही, याविषयी आप्तेष्टांना शंका वाटू लागली.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हेलनची त्वचा, घ्राणेंद्रिय व रसना ही तीन ज्ञानेंद्रिये पूर्ण शाबूत होती. तिला थंडी कळत होती, फुलांचा वास येत होता, गोडकडू समजत होते. तरीही त्या काळात आपण आहोत ही जाणीवही आपल्या ठिकाणी नव्हती, काल आणि उद्या हा भेद नव्हता, असे त्यांनी पुढे प्रौढपणी लिहून ठेवले आहे. याचा अर्थ असा की, विषय इंद्रियांपर्यंत येऊन पोहोचला म्हणजे ज्ञान झाले असे होत नाही. दाराशी पाहुणा आला, पण आत त्याचे नाव विचारणारा कोणी नसला, तर तो आला काय आणि न आला काय, सारखेच.

हेलनच्या आईने धीर सोडला नव्हता. प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात तिने लॉरा ब्रिजमन या अंध व बधिर मुलीची हकीकत वाचली होती. बोस्टन येथील पर्किन्स अंधशाळेत डॉ. सॅम्युएल हाउ यांनी त्या मुलीला १८३७ पासून उठावाच्या अक्षरांनी शिक्षण दिले होते. ही हकीकत जुनी झाली होती, डॉ. हाउ दिवंगत झाले होते. तथापि आशेला तेवढा आधार पुरला. १८८६ साली केलर कुटुंब हेलनला बाल्टिमोरच्या नेत्रवैद्यांकडे घेऊन गेले. त्यांनी डोळ्यांविषयी असमर्थता दर्शविली, पण दूरध्वनीचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची भेट घेण्यास सुचविले. बेल यांच्या मातोश्रींना फार कमी ऐकू येई व पत्नी बधिर होती. मूकबधिरांचे शिक्षण हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. त्यांनी पर्किन्स शाळेचे चालक मायकेल अनाग्नोस यांना लिहावयास सांगितले, आणि अनाग्नोस यांनी आपल्याच शाळेतून नुकतीच उत्तीर्ण झालेली एक वीस वर्षांची तरुणी पाठविली. तिचे नाव अ‍ॅनी सलिव्हन.

ही अ‍ॅनी स्वतः अर्धअंध होती. तिचा जन्म १८६६ साली दरिद्री आयरिश कुटुंबात झाला होता. लहानपणी खुपऱ्यांच्या रोगाने तिची दृष्टी बहुतेक गेली, आई वारली, आणि दहाव्या वर्षी तिला धाकट्या भावासह ट्यूक्सबरी येथील अनाथ व निराधारांच्या गृहात ठेवण्यात आले. तेथेच तो भाऊ मरण पावला. पाहणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांपुढे धावत जाऊन, मला शाळेत जावयाचे आहे, अशी याचना तिने केली, आणि चौदाव्या वर्षी तिला पर्किन्स शाळेत प्रवेश मिळाला. पुढे शस्त्रक्रियांनी तिला थोडीफार दृष्टी आली. त्या शाळेतच वृद्ध होत चाललेल्या लॉरा ब्रिजमनशी बोलता यावे म्हणून ती बोटांची मुळाक्षरे शिकली होती. अंधारात राहिलेल्या जीवाला काय हवे असते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ३ मार्च १८८७ रोजी ती टस्कंबियाला येऊन पोहोचली. योगायोग असा की, आपल्या देशातील अंधांची पहिली शाळाही याच १८८७ साली अमृतसर येथे निघाली.

अ‍ॅनीने हेलनच्या हातात एक बाहुली दिली आणि तिच्या तळहातावर बाहुली या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे आपल्या बोटांनी काढली. हेलनने तीच हालचाल हुबेहूब करून दाखविली. आठवड्याभरात ती असे कितीतरी शब्द बोटांनी काढू लागली. परंतु हे सर्व अनुकरण होते. बोटांच्या या हालचालींनी वस्तूंची नावे होतात, प्रत्येक वस्तूला नाव असते, हे तिला ठाऊकच नव्हते. शिवाय लाडाने ती हट्टी झाली होती. म्हणून अ‍ॅनीने आईबापांची संमती घेऊन सुमारे दोन आठवडे तिला बागेतील लहान घरात एकटीबरोबर ठेवले आणि प्रेमाने, पण दृढपणे, तिला आज्ञापालन शिकविले. तरीही पेला कोणता आणि त्यातील पाणी कोणते, हा घोळ काही केल्या सुटेना. दोहोंना ती एकच समजे.

५ एप्रिल १८८७ चा दिवस उजाडला. सकाळी या पेल्यापाण्याच्याच पाठावरून चिडून हेलनने नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडली. तिला खेद झाला नाही, उलट तुकडे पायाला लागले तेव्हा बरेच वाटले. नंतर दोघी बाहेर गेल्या. विहिरीच्या खोपटात कोणी पंपाने पाणी काढीत होते. अ‍ॅनीने हेलनचा एक हात त्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या हातावर पाणी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे, प्रथम सावकाश व मग वेगाने, पुनःपुन्हा काढली. मुलगी स्तब्ध उभी राहिली. तिचे सारे लक्ष त्या बोटांच्या हालचालीकडे लागले. आणि त्या क्षणी, हातावरून वाहणारी ही थंडगार वस्तू आणि ही अक्षरे यांचा संबंध तिला उमगला. पाच वर्षांपूर्वी ओठांवरून हरवलेला तोच शब्द हाताच्या वाटेने परत आला. तिने लगेच भूमीला हात लावून तिचे नाव विचारले, पंपाचे विचारले आणि शेवटी अ‍ॅनीकडे वळून तिचेही नाव विचारले. रात्र होईपर्यंत ती सुमारे तीस शब्द शिकली होती.

या प्रसंगाचे वर्णन अनेकांनी केले आहे, पण त्यानंतर घडलेली एक लहानशी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. घरात परत आल्यावर हेलनला फोडलेल्या बाहुलीची आठवण झाली. तिने चाचपडत तुकडे गोळा केले, ते जोडून पाहिले, आणि ते जुळेनात तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. पश्चात्ताप काय असतो हे तिला आयुष्यात प्रथमच कळले. सकाळी ज्या हातांनी फोडताना काही वाटले नाही, त्याच हातांना सायंकाळी तेच तुकडे दुःख देऊ लागले. स्पर्श तोच होता, इंद्रिय तेच होते. मध्ये केवळ नाम आले होते. नाम आले तेव्हा वस्तू ही वस्तू झाली, आठवण झाली, आपण केलेले कर्म आपले झाले. इंद्रियांहून मन श्रेष्ठ व मनाहून बुद्धी श्रेष्ठ असा जो क्रम गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितला आहे, तो एका सहा वर्षांच्या मुलीच्या जीवनात एका दिवसात उलगडला असे म्हणावयास हरकत नाही.

स्पर्शाने कळणाऱ्या वस्तूंची नावे शिकणे त्यानंतर सोपे झाले. पण ज्यांना स्पर्शच करता येत नाही, अशा गोष्टींचे काय? हेलन एकदा लहानमोठे मणी विशिष्ट क्रमाने ओवीत होती आणि वारंवार चुकत होती. ती थांबून, आता कसे ओवावे, याचा विचार करू लागली. अ‍ॅनीने तिच्या कपाळाला हात लावून विचार करणे या अर्थाचा शब्द बोटांनी काढला. आपल्या डोक्यात या क्षणी जे चालले आहे त्याचेच हे नाव, हे हेलनने तत्काळ ओळखले. हात न लागणाऱ्या वस्तूचे हे तिला झालेले पहिले ज्ञान. त्याच रीतीने प्रेम म्हणजे काय, हे अ‍ॅनीने मेघांच्या दृष्टान्ताने समजाविले. मेघाला हात लावता येत नाही, पण पावसाचा स्पर्श होतो आणि तापलेली भूमी व तृषार्त फुले त्याने कशी तृप्त होतात हे कळते, प्रेमही तसेच.

हळूहळू हेलनने शाबूत असलेल्या तीन द्वारांकडून इतके काम करून घेतले की डोळस माणसाने थक्क व्हावे. त्यांचा ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ हा ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला. त्यात याचे सविस्तर वर्णन आहे. जमिनीतून येणाऱ्या कंपनांवरून येणारा मनुष्य बाल की वृद्ध, पुरुष की स्त्री, हे त्या ओळखीत. कपड्यांना चिकटलेल्या लाकूड, लोखंड, रंग किंवा औषध यांच्या वासावरून त्याचा व्यवसाय सांगत. वादळाची चाहूल त्यांना कित्येक तास आधी वासावरून लागे. बोलणाऱ्याचा कंठ, ओठ व नाक यांवर बोटे ठेवून त्या त्याचे बोलणे समजून घेत. १९२४ साली रेडिओवरून बीथोव्हेनची नववी सिंफनी चालू असताना यंत्राच्या कंप पावणाऱ्या पडद्यावर हात ठेवून त्यांनी ते संगीत अनुभवले आणि वाद्यांतील भेदही जाणला. यात चमत्कार नव्हता. इतर दोन इंद्रियांवर विसंबून आपण ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, त्या इंद्रियांकडे त्यांचे अखंड अवधान होते. बालवयातच दृष्टी गेलेला मनुष्य ब्रेल लिपी वाचीत असता त्याच्या मेंदूतील दृष्टीसाठी असलेला भागही त्या कामास लागतो, असे आजच्या मेंदूशास्त्राला आढळून आले आहे. घरातील एक दालन रिकामे पडले तर घरधनी त्याचा दुसरा उपयोग करून घेतो, तसेच हे होय.

परंतु हेलनचे बहुतेक ज्ञान त्वचा किंवा घ्राण यांच्याद्वारे आलेले नव्हते. ते शब्दाच्या द्वारे, म्हणजे दुसऱ्याने पाहिलेले व सांगितलेले असे होते. याच जागी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षा झाली. १८९१ साली, अकरा वर्षांची असताना, तिने हिमराजाविषयी एक कथा लिहून अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. त्यांनी ती कौतुकाने छापली. पण थोड्याच दिवसांत असे उघडकीस आले की, मार्गरेट कॅन्बी या लेखिकेच्या पूर्वीच छापलेल्या कथेशी ती कल्पनेत व शब्दांतही फार जुळते. पर्किन्स शाळेतील आठ जणांच्या समितीपुढे त्या बालिकेला एकटीला उभे करून प्रश्न विचारण्यात आले. अ‍ॅनीला बाहेर पाठविण्यात आले होते. मते समसमान पडली आणि अनाग्नोस यांच्या मताने ती निर्दोष ठरली. मूळ कथा तीन वर्षांपूर्वी कोणी तिच्या हातावर वाचून दाखविली असावी, आणि ऐकल्याची आठवण पुसली जाऊन कथा तेवढी मनात राहिली असावी, असा उलगडा झाला. कॅन्बीबाईंनी मोठ्या मनाने तिची बाजू घेतली. पण मुलीच्या मनावरील घाव भरला नाही. पुढे कित्येक दिवस आईला पत्र लिहितानाही, हे वाक्य माझे की कुठे वाचलेले, या भीतीने तिचा हात थांबत असे. तिने पुन्हा काल्पनिक कथा लिहिली नाही.

त्या समितीने मुलीला जो प्रश्न विचारला तो खरे म्हणजे प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. आपण जे माझे मत, माझा अनुभव म्हणून सांगतो, त्यातील किती भाग आपण स्वतः पाहिलेला असतो आणि किती भाग कधी काळी ऐकलेल्याचा संस्कार असतो? दर्शनकार अनुभव आणि स्मृती यांचा भेद एवढ्या काटेकोरपणे करतात, तो व्यर्थ नव्हे. हेलनच्या ठिकाणी फक्त एवढेच वेगळे होते की, तिच्यावर तो भेद करण्याची पाळी लहानपणीच आणि चारचौघांसमोर आली.

दुसरा आक्षेप त्यांच्यावर आयुष्यभर घेतला गेला. ज्या स्त्रीने रंग पाहिले नाहीत, तिने आकाशाची निळाई किंवा संध्याकाळची लाली यांविषयी लिहावेच का, असे टीकाकार म्हणत. याला आपल्या न्यायशास्त्रात चांगले उत्तर आहे. गवय हा वन्य पशू गायीसारखा असतो, असे ऐकलेला नागरिक अरण्यात गेला की त्या सादृश्यावरून गवयाला ओळखतो. याला उपमान म्हणतात. हेलनबाईंनी गंधांतील व स्पर्शांतील सूक्ष्म भेदांवरून रंगांतील भेदांची कल्पना केली. त्यांचे अरण्य मात्र कधी आले नाही. तो गवय त्यांना अखेरपर्यंत दिसला नाही, आणि आपणास रंग दिसतात असा दावाही त्यांनी केला नाही. ज्ञानाची सीमा जाणून त्या सीमेपर्यंत जाणे हा असत्याचा नव्हे, सत्यनिष्ठेचाच मार्ग होय.

१९०० साली त्या रॅडक्लिफ महाविद्यालयात दाखल झाल्या. वर्गात शेजारी बसून अ‍ॅनी प्रत्येक व्याख्यान त्यांच्या हातावर लिहीत असे. १९०३ साली त्यांचे आत्मचरित्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि १९०४ साली त्या सन्मानपूर्वक पदवीधर झाल्या. अंध व बधिर असलेल्या व्यक्तीने बी. ए. होण्याचा जगातील तो पहिलाच प्रसंग होता. आपली विद्या त्यांनी आपल्यापुरती ठेवली नाही. जन्मतःच डोळ्यांना होणाऱ्या संसर्गाने असंख्य अर्भके अंध होत, आणि औषधाच्या थेंबांनी ते टळू शकत असे. पण मूळ रोग लाजिरवाणा म्हणून कोणी बोलत नसे. १९०७ साली त्यांनी स्त्रियांच्या मासिकातून यावर उघडपणे लिहिले. अंधत्व हे पुष्कळदा दारिद्र्य, अज्ञान व कारखान्यांतील निष्काळजीपणा यांचे फळ असते, हे त्यांनी जगाला पटवून दिले. डोळस समाजालाच जे दिसत नव्हते, ते एका अंध स्त्रीने दाखविले.

१९३६ साली अ‍ॅनी सलिव्हन यांनी हेलनबाईंच्या हातात हात ठेवून देह ठेवला. शेवटच्या काळात त्याही पूर्ण अंध झाल्या होत्या. ४९ वर्षांचा हा गुरुशिष्यसंबंध होता. त्यानंतरही पॉली टॉम्सन या सहकारिणीसह हेलनबाईंनी जगभर प्रवास करून अंधांसाठी शाळा व साधने यांचा पुरस्कार केला. १९४६ ते १९५७ या काळात त्यांनी पस्तीस देशांना भेटी दिल्या. १९५५ साली वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्या भारतात आल्या. पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवून त्यांनी त्यांची ओळख करून घेतली. आपल्या भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल लिपी १९५१ सालीच निश्चित झाली होती आणि १९५२ साली मुंबईत अंधांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. त्या कार्याला त्यांच्या येण्याने बळ मिळाले. १ जून १९६८ रोजी कनेक्टिकट राज्यातील आपल्या घरी त्या निद्रावस्थेतच निवर्तल्या.

१९३३ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली आहे. त्यांची एक डोळस मैत्रीण रानातून तासभर फिरून आली. काय पाहिलेस, असे विचारता विशेष काही नाही, असे तिने उत्तर दिले. हेलनबाईंना नवल वाटले. कारण केवळ हातांनी चाचपून त्यांना त्याच रानात पानांची नाजूक रचना, भूर्जाची मऊ साल आणि देवदाराची खरबरीत साल अशा शेकडो गोष्टी सापडत असत. मन अन्यत्र असता डोळे उघडे असूनही दिसत नाही, हे उपनिषदांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. त्याची आठवण नेत्रहीन स्त्रीने नेत्रवंतांना करून द्यावी, यात खेदापेक्षा उपकारच अधिक आहे.

गृहस्थाश्रमी वाचकांनी या चरित्रातून एवढे तरी अवश्य घ्यावे. आपल्या किंवा शेजारच्या घरी एखादे अंध वा बधिर मूल जन्मले, तर त्याचे प्रारब्ध म्हणून त्याला कोपऱ्यात बसवू नये. केलर दांपत्याने तसे केले असते तर जगाला हेलन केलर लाभली नसती, आणि तो दोष प्रारब्धाचा नव्हे, त्यांचाच ठरला असता. मुलाच्या पूर्वकर्माचा हिशोब आपल्या हाती नाही. त्याच्या तळहातावर पहिला शब्द लिहिणे मात्र आपल्या हाती आहे. आणि ज्यांची सर्व द्वारे उघडी आहेत त्यांनी, मुले काय पाहतात व ऐकतात इकडे लक्ष द्यावे, त्यांना वस्तूंची नावे प्रेमाने सांगावीत, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. द्वारे देवाने दिली आहेत. त्यांपाशी जागे राहणे हे मनुष्याचे काम आहे.